तीन वाजताची मेल

लातूर,
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

प्रिय जोहरा,

सलाम. तू खुशाल असशील, तुझ्या अब्बांचे, पाशामियाँ चाचांचे डोळे आता बरे असतील, यासेरभाईच्या घरी सगळे मजेत असतील, अशी आशा करते. आमच्याकडं ठीक आहे. ग्यानोबा पुढच्या वर्षी एसटीच्या डेपोतून रिटायर होणार. आतापासूनच त्यांना दुपारच्या झोपेत गाड्या दिसतात. परवा झोपेतच म्हणाले, "सिंधे, अहमदपूरची गाडी लागली का गं?" मी म्हटलं, "लागली. बसा." तर गप झोपले बिचारे.

पाकिटावरचं अक्षर बघून तू ओळखलं असशील आणि नवलही केलं असशील. पाच वर्षांत एक ओळ नाही, आणि आता एकदम पोस्टाचं पाकीट. त्यातून मी हल्ली डाळमिलमध्ये काय करते म्हणशील, तर लोकांना ईमेल लिहायला शिकवते. हसू नकोस. जिला तू एका बोटानं टाइप करायला शिकवलंस, जी 'शिफ्ट'चं बटण सापडेना म्हणून रडकुंडीला आली होती, ती बाई आता हातात मार्कर घेऊन पांढऱ्या फळ्यापुढं उभी राहते. महादेवप्पा मालकांचा हुकूम आहे. प्रत्येक खात्यानं आपली मेल आपणच लिहायची, सारखं ऑफिसच्या तोंडाकडं बघायचं नाही. म्हणून जेवण झाल्यावर दहाबारा जण मीटिंगच्या खोलीत येऊन बसतात. निम्म्यांच्या पोटात भाकरी असते आणि डोळ्यांत झोप.

तुरीचा हंगाम आहे. तुला ती दुपार आठवत असेलच. दोननंतर मशिनींचा आवाज एकसारखा होतो, मग तो आवाज आहे हेच विसरायला होतं. खिडकीतून ऊन येतं आणि त्यात डाळीची पिवळी धूळ तरंगत राहते, खाली बसतच नाही. मला हल्ली अशा वेळी उभ्याउभ्या डुलकी लागते. डोळे उघडे असतात, तोंडानं शिकवणं चालू असतं, आणि मी मात्र दुसरीकडंच कुठं तरी जाऊन येते.

वर्गात पॅकिंगवरच्या नीलाबाई पण आहेत. दोरीच्या चष्म्यावाल्या, तू त्यांना 'नीलाआपा' म्हणायचीस. विषयाची ओळ लिहा म्हटलं तर त्यांनी लिहिलं, 'विषय : महत्त्वाचा'. मी म्हटलं, "नीलाबाई, महत्त्वाचा तर सगळ्यांचाच असतो. वाचणाऱ्याला मेल उघडायच्या आधी कळलं पाहिजे, काम काय हाय ते." त्यांनी खूप विचार करून लिहिलं, 'विषय : सुतळी संपली'. सगळे हसले. मी म्हटलं, हसू नका, ह्यापेक्षा चांगला विषय मी पाच वर्षांत वाचला नाही. गोदामवाल्यानं नुसता तेवढाच वाचून सुतळी पाठवली, मेल त्यानं उघडलीच नाही!

मग नीलाबाईंनीच विचारलं, "मॅडम, अन् चुकून भलतीच गेली तं? वापस बोलवता येती का?"

मी म्हटलं, "न्हाई येत." आणि फळ्याकडं वळले. फळ्यावर काय लिहायचं होतं ते आठवेना, म्हणून तारीखच परत लिहिली.

तुझा पत्ता मला कसा मिळाला, ते सांगायचं राहिलं. खरं तर तेच आधी सांगायला पाहिजे होतं. सोमवारी नांदेडच्या एका बियाणे कंपनीची मेल आली. 'श्रीमती जोहरा शेख यांनी आमच्याकडे पत्रव्यवहार विभागासाठी अर्ज केला असून पूर्वीच्या अनुभवासाठी आपल्या मिलचे नाव दिले आहे. त्यांनी नोकरी सोडण्याचे कारण व त्यांची वर्तणूक येत्या सोमवारपर्यंत कळवावी.' सोबत तुझा अर्ज. त्यावर तुझा नांदेडच्या इतवाऱ्यातला पत्ता आणि पासपोर्ट साइजचा फोटो. ओढणी डोक्यावरून घट्ट घेतली आहेस आणि हसत नाहीस. कानाजवळ केस पांढरे झालेत तुझे.

तूच आमचं नाव दिलंस. दुसरं कुणाचं देणार म्हणा. सात वर्षं तू इथंच होतीस.

ती मेल मला आली, कारण अशा मेलना उत्तर मीच देते. तुझी फाईल मी कपाटातून काढली. शेवटच्या पानावर एकच ओळ आहे. 'कार्यालयीन मेलचा गैरवापर, मालकांची बदनामी, म्हणून कामावरून कमी.' हेच उतरवून पाठवलं तर तुला नांदेडात काय, कुठंच मेलचं काम मिळणार नाही.

आज इतकंच लिहिते. गॅसवर दूध आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

दूध-बीध काही नव्हतं. पुढचं लिहायचं धाडस नव्हतं. ग्यानोबा म्हणाले, "दोन दिस झाले, कुणाला लिहून राहिलीस?" मी म्हटलं, जोहराला. ते माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवून बाहेर जाऊन बसले. त्यांना सगळं माहीत नाही, पण माझ्याकडून काहीतरी झालंय एवढं माहीत आहे.

काल दुपारी वर्गाच्या आधी टेबलावर डोकं टेकलं आणि स्वप्न पडलं. मी लातूर-नांदेड गाडीत होते. गाडीत माणसं नव्हती. प्रत्येक सीटवर एकेक कागद बसला होता, रीतसर तिकीट काढून. चाकूर आलं, अहमदपूर आलं, लोहा आलं. प्रत्येक थांब्यावर कंडक्टर एकेक कागद उचलून विचारायचा, "हा कोणाचा?" आणि मी खिडकीबाहेर बघायचे. बाहेर करडई फुललेली, लांबपर्यंत. नांदेड काही येईना. मला ते येऊ नये असंच वाटत होतं.

तुला ते दिवस आठवतात का? माझी पाळी सकाळी आठ ते दोन, तुझी बारा ते सहा. एकच संगणक, एकच ईमेल. तीन वाजता साठ व्यापाऱ्यांना गाड्यांची मेल जायची. आज कोणती डाळ तयार आहे, कोणती गाडी कुठं निघाली, कधी पोचेल. उदगीरपासून परभणीपर्यंतचे सगळे लोक त्या मेलची वाट बघत. सकाळी मी ती मांडून ठेवायची आणि तशीच ड्राफ्टमध्ये सोडायची. दुपारी तू गाड्यांचे नंबर भरून पाठवायचीस. खाली आपोआप तुझी सही पडायची, 'जोहरा शेख, कार्यालय'. तुझी भाषा चांगली म्हणून मालकांनीच ती बसवायला लावली होती.

आणि त्या ड्राफ्टमध्ये, सगळ्यात वर, मी तुला चार ओळी लिहून ठेवायची. पहिल्यांदा कामाचंच असायचं, 'औशाचा फोन आला होता, गाडी उद्या हवी'. मग हळूहळू घरचं, दारचं, कुणाची सून कशी, कुणी कुणाला काय म्हटलं. नाव कधी लिहायचो नाही आपण. दोघींशिवाय वाचणारं कोण होतं? तू वाचायचीस, पुसायचीस, मग मेल पाठवायचीस. कधी दुसऱ्या दिवशीच्या ड्राफ्टमध्ये तुझं उत्तर असायचं. बारा ते दोन आपण एकाच खोलीत असायचो, पण जे तोंडानं बोलायचो नाही ते तिथं लिहायचो. तू म्हणायचीस, "तू लिखती सिंधु, मैं मिटाती. अच्छा धंदा है अपना."

आयुष्यात मला इतकं छान कुणी वाचलं नाही गं.

मालकीणबाई वारल्या त्याच्या पुढच्या महिन्यातली गोष्ट. मालक दुपारी घरी जाईनासे झाले. केबिनमध्येच डबा खायचे आणि खुर्चीत मान टाकून झोपायचे. २४ जानेवारी, शुक्रवार. सकाळी मी ड्राफ्टच्या वर लिहिलं. शब्द न् शब्द पाठ आहे मला. 'ऐकलं का, मालक आता ऑफिसात झोपायलाच येतात. घरी उठवणारं माणूस गेलं ना. आपल्याला एखादी अंगाई शिकून घ्यावी लागेल आता, पगारात वाढ मागू.'

विनोद होता. काय विनोद होता तो!

साडेबाराला तुझा फोन आला. "अब्बा के आँख में बहुत दर्द है, डॉक्टरकडं नेऊन राहिले. तीनची मेल तू पाठव, मी येतेच." मी थांबले. पावणेतीनला गाड्यांचे नंबर आले. ते खाली भरायचे असतात, म्हणून मी पान खाली ओढलं, नंबर भरले, खालीच 'पाठवा' होतं, दाबलं. वर बघितलंच नाही. पुसायचं काम माझं कधी नव्हतंच. सात वर्षं ते तुझं होतं.

तू तीन वाजून दहा मिनिटांनी आलीस, ओढणीनं घाम पुसत. तोवर उदगीरच्या गुरुपादप्पांनी थेट मालकांना फोन लावला होता. मालक झोपेतून उठून फोन घेतात तर पलीकडून आवाज, "काय मालक, झोप झाली का? अंगाई कोणी म्हणली?"

पुढचं तुला सांगायला नको, पण मी लिहिते. कारण मी ते कधी कुणाला सांगितलं नाही, माझं मलाही नाही. मालक बाहेर आले. हातात छापलेला कागद. चेहरा पार उतरलेला, रागावलेला नव्हे. म्हणाले, "खाली तुमचं नाव हाय, जोहराबी." तू कागद घेतलास, वाचलास. पहिल्याच ओळीला तुला कळलं असणार, 'ऐकलं का' म्हणून मीच सुरुवात करते. तू माझ्याकडं बघितलंस. मी प्रिंटरमधले कागद सरळ करत होते. ते सरळच होते.

तू म्हणालीस, "नाव तं माझंच हाय, मालक."

मी लिहिलं म्हणाली नाहीस. मी लिहिलं नाही असंही म्हणाली नाहीस. मला वेळ दिलास. मला वाटतं पाच मिनिटं तरी दिलीस. चाव्या टेबलावर ठेवल्यास, खुर्ची आत सरकवलीस, डबा उचललास, चपला घातल्यास. सगळं सावकाश. एवढ्या वेळात माणूस एक वाक्य बोलू शकतं.

आठवड्यानं तुझी मेल आली. तुझ्या स्वतःच्या पत्त्यावरून. 'सिंधु, चुकून तुझा डबा माझ्याकडं आला. कधी आणून देऊ?' एवढीच. मी वर्गात शिकवते की मेलला एका दिवसात उत्तर द्यावं, काही सुचलं नाही तर निदान 'मिळाली, बघते' म्हणावं, पलीकडच्या माणसाला ताटकळत ठेवू नये. हे सांगताना माझी जीभ अडखळत सुद्धा नाही, बघ. तुझी ती मेल तशीच आहे. मग दीड-दोन महिन्यांत लॉकडाऊन लागून सगळं बंद झालं, तुम्ही नांदेडला तुझ्या भावाकडं, यासेरभाईकडं गेलात असं कळलं, आणि मला निमित्तच मिळालं.

मी मनातल्या मनात तुला पुष्कळ कारणं सांगितली आहेत. सासूचं आजारपण, माझी नोकरी तेव्हा कायम नव्हती, लेकीची, पुनमची बारावी होती. खरी आहेत सगळी. पण ग्यानोबांचा पगार चालू होता, चूल काही विझणार नव्हती. मला कोणतीही अडचण नव्हती, जोहरा. मी भ्याले.

उद्या मालकांशी बोलते. आज पहाटेपासून एक मेल चार वेळा लिहिली आणि चार वेळा पुसली. जे तोंडावर सांगायचं ते मेलनं सांगू नये, हेही मीच शिकवते. तेव्हा जाते चालत. केबिन काही लांब नाही, सतरा पावलं आहे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

जोहरा, बोलले.

शनिवारी दुपारी गेले. मालक आता ऐंशीचे झाले. खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मी म्हटलं, "मालक, एक बोलायचंय. पाच वर्षांपूर्वीची ती तीनची मेल जोहरानं लिहिली नव्हती. मी लिहिली होती. पाठवली पण मीच. ती तेव्हा ऑफिसात सुद्धा नव्हती." मग एकदा बोलायला लागले ती थांबेनाच. ड्राफ्टचं सांगितलं, सहीचं सांगितलं, नांदेडच्या मेलचं सांगितलं. ते डोळे मिटूनच होते. मला वाटलं, झोपले. एवढं सगळं सांगितलं ते वायाच गेलं.

मग म्हणाले, "साडेतीनला ती दारावर बांगड्या वाजवायची."

मी म्हटलं, "कोण?"

"जोहराबी. ही वारल्यापासून रोज. आत यायची न्हाई, बोलायची न्हाई. दारावर बांगड्या वाजवून निघून जायची. चारला लोक यायचे ना मला भेटायला. त्येंनी मला तसं तोंड उघडं टाकून झोपलेलं बघू नये म्हणून. ती गेल्यावर मला कोणी उठवलं न्हाई. किती येळा पार्टी येऊन समोर बसली, अन् मी आपला घोरतोय. तव्हाच मला कळाया पाहिजे होतं, सिंधुबाई. उठवणारी बाई असं कशाला लिहील? पर मी रागात होतो. दुःखाचं माणूस लई आंधळं आसतंय."

मला हे माहीत नव्हतं. तू मला ड्राफ्टमध्ये कुणाकुणाचं काय काय लिहायचीस, पण हे कधी लिहिलं नाहीस. मी चार ओळींत त्या म्हाताऱ्याची चेष्टा करत होते, आणि तू ती वाचून पुसायचीस, मग मेल पाठवून त्याला उठवायला जायचीस. मला एका शब्दानं बोलली नाहीस. मी तिथंच त्यांच्यासमोर रडले. त्यांनी रडू दिलं.

नंतर म्हणाले, "साठ जणांनी वाचलं हाय. त्या साठ जणांना कळवा. त्याच येळेला, तीनला. नांदेडला काय लिहायचं ते तुम्हीच लिहा, सही मी करतो." आणि मी उठायला लागले तेव्हा म्हणाले, "अन् एक तारखेपासून तुम्ही काट्यावर बसा. ह्या खुर्चीवर न्हाई." मी म्हटलं, "हाव, मालक." दुसरं काय म्हणणार? मला त्यांचा राग आला नाही. काट्यावर ट्रक येतात, वजन होतं, चिठ्ठी द्यायची. तिथं मेल नाही. ऊन भरपूर आहे.

तीनची मेल मी शनिवारीच स्वतः लिहिली. आधी मजकूर लिहिला, मोठ्यानं दोनदा वाचला, नीलाबाईंना वाचायला दिला. त्यांनी चष्मा चढवला, ओळीवर बोट ठेवून वाचलं आणि नुसतं, "पाठवा," म्हणाल्या. मग सगळ्यात शेवटी पत्ते टाकले. तुला कळावं म्हणून उतरवून देते.

'विषय : २४ जानेवारी २०२० च्या मेलमधील मजकूर जोहरा शेख यांचा नव्हता.

सर्व व्यापारी बंधूंना नमस्कार. वरील तारखेच्या मेलमध्ये मालकांबद्दल जे चार शब्द आले, ते मी लिहिले होते. मेलही मीच पाठवली. खाली जोहरा शेख यांची सही आपोआप पडली होती. त्या वेळी त्या कार्यालयात हजर नव्हत्या. खरे माहीत असून मी गप्प राहिले आणि त्यांची नोकरी गेली. त्यांनी सात वर्षे आपणा सर्वांना चोख मेल पाठवली. आपल्यापैकी कोणी त्यांच्याबद्दल कोठे वेगळे बोलले असेल, तर कृपया तेथे हे कळवावे. सिंधु मोरगे.'

लिहायला आठ-नऊ मिनिटं लागली. पाच वर्षं मला वाटत होतं, हे सांगायला किती शब्द लागतील कोण जाणे.

पाठवल्यावर मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. बाहेर हमाल पोत्यांच्या सावलीत झोपले होते. धूळ उन्हात तशीच तरंगत होती. अंग इतकं हलकं झालं की मी जागी आहे की नाही तेच कळेना. चारपर्यंत तेवीस उत्तरं आली. बहुतेकांची 'मिळाली' एवढीच. एकानं विचारलं, 'आजची गाडी निघाली का?' गुरुपादप्पांनी मात्र मोठी लिहिली. 'त्या दिवशी मी मालकाला फोन करून हसलो होतो. आमची मंडळी गेल्या वर्षी गेली. आता मलाही दुपारी घरी जाववत नाही. जोहराबाईंना माझा सलाम सांगा.' सांगितला.

नांदेडला दुसरी मेल गेली, मालकांच्या सहीची. तुझी फाईल आता साफ आहे. त्या ओळीवर मालकांनी स्वतःच्या हातानं काट मारली, बाजूला तारीख घातली. आज सकाळी नांदेडचं उत्तर आलं, 'माहिती मिळाली, आभारी आहोत.' पुढं ते काय करतील ते मला ठाऊक नाही. तुला घेतील असं वाटतं. न घेतील तर मूर्ख असतील.

इथंच पत्र संपवलं असतं तर मी फार चांगली बाई ठरले असते. पण एक राहिलं. मी भ्याले असं वर लिहिलं ते खरंच आहे, पण भीती किती दिवस टिकते गं? महिना, दोन महिने. पाच वर्षं मला भीतीनं गप्प बसवलं नाही. मालकांनी तुझ्या जागी मला बसवलं. लोक 'मॅडम' म्हणायला लागले. सही माझी पडायला लागली. पहिल्या दिवशी त्या खुर्चीत बसले तेव्हा तुझी उशी अजून तिथंच होती, आणि मला वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला, जोहरा. मला ती खुर्ची आवडली. तू परत आलीस तर ती सोडावी लागेल, म्हणून मी ऑफिसात तुझं नाव घेणंच बंद केलं, दुसऱ्या कुणी घेतलं तर बोलणं दुसरीकडं नेलं. तुझ्या मेलला उत्तर दिलं नाही तेही त्याच्यापायीच. चुकून गेलेली मेल ही चूक होती. हे मात्र मी रोज सकाळी उठून करत होते.

हे मालकांना सांगितलं नाही, ग्यानोबांनाही नाही. तुलाच सांगितलं. तू नेहमी माझं लिहिलेलं पुसून टाकायचीस. हे पुसू नकोस.

माफी मागते. मागायला उशीर झाला तरी मागते. तू दे किंवा देऊ नकोस, ती नोकरी मात्र घे. उत्तराची अपेक्षा नाही असं लिहिलं होतं, पण ते खोटं आहे, म्हणून खोडलं. पोस्टमन साडेअकराला येतो आणि मी आजपासून त्याची वाट बघणार आहे.

चाचांना सलाम. रमजान जवळ आलाय, तब्येतीला जप.

शेवटी 'तुझी मैत्रीण' असं लिहायची रीत आहे. हात धजत नाही.

तू म्हणशील ती,
सिंधु